शिडाच्या बोटीसाठी शिरूर-दौंड

समुद्रात जाता यावं म्हणून आम्ही घाट चढून दौंडला गेलो, हे ज्याला ज्याला सांगितलं तो हसला. जयगडच्या जेटीवर तर महिनाभर तेवढंच चाललं होतं. दौंडला गाडी बदलायला जातात, बोट दुरुस्त करायला नाही, असं आमच्या शेजाऱ्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. त्यांना वाटलं, मला पहिल्या वेळी कळलं नसावं.

कारण तसं साधं होतं. माझा नवरा अरुण याला दीड वर्षापूर्वी हलका झटका आला. बोलणं परतलं, चालणं परतलं, उजवा हात मात्र अर्धाच परतला. आमची ‘टिटवी’ ही छोटी शिडाची बोट. ती पाण्यात उतरली तेव्हापासून अरुण सुकाणूवर आणि मी शिडांच्या दोरांवर अशी आमची वाटणी. दर थंडीत जयगडहून गोव्यापर्यंत जायचं, वाटेत खाड्यांत मुक्काम करायचे, परत यायचं. आता त्याचा डावा हात तासभर सुकाणूचा दांडा धरतो आणि मग थरथरायला लागतो. गोवा काही तासाभरावर नाही.

बोट आपोआप धरून ठेवणारं यंत्र मिळतं. त्यात एक डबी असते. बोट ठरलेल्या दिशेपासून सरकली की होकायंत्रावरून ते तिला कळतं. आणि एक लोखंडी हात असतो, तो डबीच्या सांगण्यावरून सुकाणूचा दांडा ढकलतो नाहीतर ओढतो. डबी अरुणने मागवून ठेवली होती. अडलं होतं ते हातापाशी. हातांच्या जाती दोन. एक तेलाच्या दाबावर चालणारा, म्हणजे हायड्रॉलिक. दुसरा मोटर स्क्रू फिरवते आणि त्यावर पुढेमागे सरकतो तो, म्हणजे यांत्रिक. तयार मिळणारे एकतर टिटवीच्या दुप्पट बोटींसाठी होते किंवा मला खेळण्यातले वाटत होते. अरुण रोज नवीन माहिती वाचून रोज मत बदलत होता.

अरुण मूळचा शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचा. ज्या गावात बोट फक्त चित्रात बघायला मिळायची तिथल्या माणसाने समुद्राचा नाद का लावून घ्यावा, हे त्याच्या घरच्यांना अजून कळलेलं नाही. त्याचा पुतण्या सचिन तिकडेच एका कारखान्यात कामाला आहे. तो फोनवर म्हणाला, “काका, इकडं या. आमच्याकडं रस्त्यानं जाणारी प्रत्येक ट्रॉली हायड्रॉलिकवर हाय, आन् तुम्ही समुद्राकाठी बसून जगभर हुडकताय व्हय?”

म्हणून दिवाळी झाल्यावर निघालो. जानेवारीत गोवा, असा बेत होता. यंत्र जमलं तर टिटवी राहणार, नाही जमलं तर जाणार. मुरूडचे एक हौशी गृहस्थ वर्षभर तिच्यावर डोळा ठेवून होते. अरुणने त्यांना “दिवाळीनंतर सांगतो” म्हणून थोपवून धरलं होतं.

निमोणे

निमोण्याच्या वेशीत शिरलं की मी नवऱ्याला अहोजाहो करायला लागते. जयगडला मी त्याला “अरे गाढवा” म्हणते तेही चालतं, पण इथे माझी मोठी जाऊ, अक्का, समोर असते. अरुणला हा बदल फार आवडतो. मुद्दाम दोनदा पाणी मागतो.

आमच्याकडे पाहुणा आला की ओटीवर बसतो, चहा होतो, गप्पा होतात आणि “बरं, येतो” म्हणून उठतो. निमोण्यात उठायची सोयच नाही. आल्या आल्या चुलीवरची बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, भरलेली वांगी आणि वर म्हशीच्या दुधाची वाटी. कोकणची सून म्हणून माझ्यासाठी घोड धरणातला मासा खास आणवला होता. एवढा मोठा तुकडा, लालभडक रस्सा. माशाला चिखलाचा वास होता आणि काटे मला ओळखीचे नव्हते. अक्का टक लावून बघत होती. “कसा झालाय गं?” मी म्हणाले, “आमच्याकडे असा मिळत नाही.” ते खरंच होतं.

जेवताना यंत्राचा विषय निघाला. अक्काने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मशीनच सारं धरणार म्हंजी भाऊजी काय करणार?”

“लक्ष ठेवणार,” अरुण म्हणाला.

“व्हय, आमचे हेबी ऊसतोडीच्या टायमाला लक्षच ठेवत्यात,” अक्का म्हणाली, आणि बाहेर अंगणात बसलेले थोरले दीर जोरात खाकरले.

हसून झाल्यावर अरुणने तिला नीट सांगितलं. “नंदा पुढे शिडांच्या दोरांशी असते. मध्येच जाळं आलं, मोठी मासेमारी बोट आडवी आली, तर यंत्राचा हात सुकाणूपासून सोडवायचा आणि दांडा आपल्या हाती घ्यायचा. ते काम मागे बसलेल्या माणसाचं. ते मी करणार.” हे सांगताना तो ताठ बसला होता. दीड वर्षात त्याने स्वतःच्या वाट्याला एक काम असं पहिल्यांदाच मागून घेतलं होतं, आणि ते बघून मला बरं वाटलं.

शिरूर

दुसऱ्या दिवशी सचिनने आम्हाला शिरूरला नेलं. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक, त्यांच्यामागे आमची गाडी आणि आमच्यामागे हॉर्न वाजवणारा सगळा तालुका. शकीलभाईंचं दुकान बाजारापासून जरा आत आहे. ट्रॉली उचलणारे जॅक, जेसीबीचे पंप, तेलाचे पाइप. दारातली जमीन तेल पिऊन पिऊन काळी झालेली. आमच्याकडचा कारागीर आधी “होणार नाही” म्हणतो, मग दहा अडचणी सांगतो आणि शेवटी करून देतो. शकीलभाई चहा सांगायच्या आधीच “व्हतंय की” म्हणाले. मला ते फार आवडलं आणि थोडी शंकाही आली.

सचिनने त्यांना आधीच फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे जॅक तयार होता. छोटा, देखणा, पिवळा रंग दिलेला. शकीलभाईंनी पंप चालू केला, जॅकचा दांडा सुळकन बाहेर आला. आम्ही वाट बघत राहिलो. तो आत जाईना.

“आता परत कसा जाणार?” अरुणने विचारलं.

“वजनानं,” शकीलभाई म्हणाले.

“कशाच्या?”

“जे उचललंय त्याच्या की. ट्रॉली कशी खाली येती?”

अरुणने हातांनी दाखवलं. सुकाणू उचलायचं नसतं, त्याला एकदा इकडे ढकलायचं आणि एकदा तिकडे. शकीलभाईंनी कपाळावर हात मारला. “अरे सच्या, तू मला म्हणला बारकी ट्रॉली समजा! म्या समजली!” सगळ्यात मोठ्याने हसले ते स्वतःच. मग आत जाऊन ऊस तोडणाऱ्या यंत्राचा, दोन्हीकडून तेल घेणारा जॅक काढून आणला आणि दुपारपर्यंत जोडूनही दिला.

तो दारातल्या हातगाडीच्या दांड्याला बांधून चालवला. खरं सांगायचं तर काम अप्रतिम होतं. आवाज पंपाचा तेवढा. जॅक स्वतः अगदी लोण्यासारखा सरकत होता. अरुणने डाव्या हाताने, मग खांद्याने दांडा अडवून बघितला, पण तो जराही अडला नाही. “तेल दबत न्हाई, काका,” शकीलभाई म्हणाले, “तुम्ही कितीबी ढकला.” आणि सोडवायचं कसं? पाइपावर पितळी कॉक होता. तो आडवा केला की तेल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला मोकळं जातं आणि दांडा आपल्या हातात येतो. अरुणने तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी फिरवला. पुन्हा फिरवला. त्याचा चेहरा उजळलेला मी बघितला.

आणि तरी मीच नाही म्हणाले. पंप, तेलाची टाकी, पाइप, जॅक, सगळं मिळून टिटवीच्या मागच्या भागात ठेवलं तर तिचं शेपूट पाण्यात बसलं असतं. पंप विजेवर चालणार आणि आमच्या बॅटऱ्या दोनच. शिवाय एका सांध्यातून तेलाचा थेंब लोंबत होता, तो मला सारखा दिसत होता. मी म्हणाले, “हे सगळं आत बसलं तर आपण कुठे बसायचं?”

“वैनी म्हनत्यात ते बी खरंय,” शकीलभाई म्हणाले. एका शब्दाने वाद घातला नाही. “हलकं पायजे तर स्क्रूचं घ्या. दौंडला माणिकआप्पाकडं जावा. म्या फोन करतो.” आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवायला त्यांना काही वाटलं नाही. अरुण मात्र निघताना परत एकदा त्या कॉकपाशी गेला. मी गाडीतून हाक मारली.

तिथेच थांबायला हवं होतं. जड तर जड, थोडं वजन पुढे सरकवता आलं असतं, बॅटरी वाढवता आली असती. आता सुचतं.

दौंड

माणिकआप्पांनी काम तयार ठेवायला दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत अक्काने मला हुरडा कधी येतो, कांद्याचं रोप कधी लावतात आणि मी इतकी वाळलेली का, हे सगळं सांगितलं. मग आम्ही काष्टीमार्गे दौंडला गेलो. पुलावरून भीमा दिसली. मला नदी बघितली की आनंद होतो, पण ही हिरवीगार दिसत होती ती जलपर्णीने. मध्ये पाण्याचा एक मोकळा पट्टा, दोन्हीकडे नुसती पानं.

माणिकआप्पा साठीचे, उंच, कानात भिकबाळी नाही पण कानामागे पेन्सिल. त्यांचा लेथ रात्रंदिवस कालव्याच्या गेटांचे स्क्रू कापतो. चारीचं लोखंडी गेट ज्या लांब आट्यांच्या दांड्यावर वरखाली होतं, तो दांडा. त्यांच्या हातचं गेट एकदा जिथे थांबलं तिथे थांबलं. “पाण्यानं कितीबी रेटलं तरी मागं येता कामा नये,” ते म्हणाले. “मागं येतोय तो स्क्रू कसला?”

आमच्यासाठी केलेला स्क्रू मनगटाएवढ्या नळीत होता. छोटी मोटर, तीही हलकी. अख्खं यंत्र मी एका हातात उचललं. तेल नाही, टाकी नाही, पंप नाही. मी अरुणकडे “बघ, मी म्हटलं नव्हतं” असं बघितलं. हा स्क्रू बाहेरून ढकलून मागे सरत नाही, म्हणून सुकाणू हाती घ्यायचं तर तो दांड्यापासून सोडवायलाच हवा. त्यासाठी आप्पांनी एक पिन ठेवली होती. पिन ओढली की स्क्रू सुटा, दांडा मोकळा. लेथपाशी, टेबलावर, अरुणने ती डाव्या हाताने सहज ओढली.

पाण्यावर चालवून बघायला आप्पांनी जालिंदर नावाच्या मासेमाराची इंजिनाची होडी ठरवली होती आणि तिला मागे पत्र्याचं सुकाणूही लावून घेतलं होतं. होडीत बसण्याआधी नारळ फुटला. आमच्याकडे नारळ समुद्राला देतात, तो अख्खा जातो. इथे नदीला पाणी मिळालं आणि खोबरं आम्हाला. जालिंदरने उरलेला तुकडा इंजिनापाशी ठेवला.

मोकळ्या पट्ट्यात होडी आली आणि अरुणने डबी चालू केली. समोर रेल्वेचा पूल. होडीचं तोंड त्याच्या एका खांबाकडे होतं, ते तिथेच राहिलं. प्रवाह ढकलत होता, स्क्रू थोडा पुढे, थोडा मागे, कुरकुर असा बारीक आवाज, आणि होडी सरळ. अरुण मागे रेलून बसला. दोन्ही हात मांडीवर. दीड वर्षात तो पाण्यावर असा बसलेला मी बघितला नव्हता. जालिंदर म्हणाला, “आयला, हे लई भारी हाय. मंग मी काय करू?” अरुण म्हणाला, “लक्ष ठेवा.” मला त्या क्षणी गोवा दिसत होता.

“आता समजा फुडं कायतरी आलं,” आप्पा म्हणाले. “काढा पिन.”

पुढे खरंच जलपर्णी होती. अरुणने डावा हात मागे नेला. स्क्रूवर सुकाणूचा सगळा जोर होता आणि त्या जोराने पिन भोकात घट्ट आवळली होती. टेबलावर तसा जोर नव्हता. त्याने परत ओढली. बसल्या जागी डाव्या हाताला कोन मिळेना, म्हणून उजवा लावला. उजव्याची बोटं पिनेच्या कडीत गेली, पण मिटली नाहीत. त्याने उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला आणि ओढलं. होडी सरळ, अगदी सरळ, जलपर्णीत घुसली आणि पंख्यात वेल अडकून इंजिन बंद पडलं.

धोका काहीच नव्हता. कमरेएवढं पाणी. जालिंदर हसत उतरला आणि कोयत्याने वेल कापायला लागला. अरुणही हसला, पण बोटं अजून कडीतच होती. मी ती सोडवली.

काठावर आल्यावर आप्पा कितीतरी वेळ पिनेकडे नाही, अरुणच्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, “ताई, चार दिवस द्या. कायतरी करतो.”

आता आमच्याकडे कारागीर “चार दिवस द्या” म्हणाला की त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. शिमगा होतो, आंबे संपतात, पाऊस येतो, तरी तो चार दिवसच मागत असतो. ते नाही म्हणण्याचं सभ्य वळण आहे. माझी गॅलरी त्यातल्याच एका चार दिवसांची वाट बघत उघडी आहे. आप्पांनी आम्हाला हळुवारपणे वाटेला लावलं असं मला वाटलं, आणि मला त्यांचे आभारच वाटले.

“थांबूया का?” अरुणने मला विचारलं. “निमोण्यात राहू. अक्काला बरंच वाटेल.”

“कशाला उगाच,” मी म्हणाले. “आप्पा, आम्ही कळवतो.”

माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की त्याला इथून न्यायचं. चार परक्या माणसांसमोर ती बोटं मिटत नव्हती, ते मला बघवलं नव्हतं. आणखी चार दिवसांनी पुन्हा तेच व्हायला नको होतं. तो थांबायला तयार होता, तयार नव्हते ती मी. हे मला आता रोज आठवतं आणि रोज तितकंच लागतं.

जयगड

परतताना कऱ्हाडला चहाला थांबलो. अरुण कप डाव्या हातात धरून बराच वेळ फुंकत राहिला आणि म्हणाला, “देऊन टाकूया का टिटवी?”

मला वाटलं, त्याच्या मनावरचं ओझं उतरतंय. मी म्हणाले, “देऊ.”

नंतर कळलं की त्याला वाटलं होतं, माझ्या मनावरचं उतरतंय. दौंडहून मी ज्या घाईने निघाले, त्यावरून त्याने ताडलं की नंदाला आता समुद्र नको आहे. मी “नको” म्हणाले असते तर तो विषय तिथेच संपला असता. त्याने तिथूनच मुरूडला फोन लावला. ते गृहस्थ इतके दिवस थोपून राहिलेले. दुसऱ्या दिवशी दोन माणसं घेऊन हजर झाले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला टिटवी खाडीतून बाहेर पडली. त्यांना शीड चढवता येत होतं, चांगलं येत होतं. त्यात नाव ठेवायला मला काही सापडलं नाही. अरुण जेटीवर उभा राहिला नाही. घरी बसून त्याने भाजी निवडली.

चौथ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

“ताई, माणिक बोलतोय, दौंडवरनं. झालं बघा काम.” आप्पांचा आवाज आनंदात होता. “पिन काढून टाकली. मोटरसायकलचा क्लच लावलाय, केबलीसकट. नुसता हलकाच दाबायचा, स्क्रू सुटतोय. जालिंदरच्या होडीवर पुन्यांदा जोर देऊन बघितलं, अजिबात अडकत न्हाई. आन् क्लच डाव्याच हातात असतोय की वो, मला तवाच सुचाय पायजे व्हतं. सायबांचा डावा हात चांगला हाय न्हवं?”

“चांगला आहे,” मी म्हणाले.

“मंग कवा येताय?”

मी सांगितलं. पलीकडे लेथ चालू होता, तो कोणीतरी बंद केला. आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

“चार दिस म्हणलं व्हतं की, ताई,” ते एवढंच म्हणाले.

अरुण समोर आरामखुर्चीत होता. कोणाचा फोन, त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं, पिन, केबल, मोटरसायकल. लपवायचं असतं तरी मला जमलं नसतं.

“क्लच कडक आहे?”

“नाही. हलका आहे म्हणाले.”

त्याने डावा हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला. चारही बोटं दांडीभोवती आवळली आणि सोडली. परत एकदा आवळली.

“जमलं असतं,” तो म्हणाला.